हिरीत औषध टाकलंय

माझे समोरचे तीन दात वरच्या आळीच्या हिरीपाशी पडलेत. दुष्काळात तिथं दुसरं काय पेरणार?

लातूर नवा जिल्हा झाला तव्हा आम्हाला वाटलं, जिल्हा नवा म्हणजे पाणीबी नवं येईल. आमचं गाव मुरूडच्या अलीकडं. टँकर यायचा, पण वरच्या आळीच्या हिरीत वतायचा, अन् तिथं आम्हा बुद्धवाड्यातल्यांना पोहरा टाकू देत नव्हते. आम्ही नदीत खड्डा उकरून वाटीवाटीनं भरायचो. मग हगवण-ओकारी लागली.

एक डॉक्टरीणबाई अन् एक सिस्टर जीप घेऊन आल्या. कुणाच्या घरी दुखणं जास्त, कोण कुठलं पाणी पितं, बाई वहीत लिहीत घरोघर हिंडायची. आमच्या दारात विचारलं, "घरात माणसं किती?"

म्या म्हणलं, "एकच. ही बायको. मला कुणी माणसात धरत न्हाई."

बायको बाजेवर पडल्या पडल्या हसली. सकाळपास्नं तिच्या अंगातलं पाणी चाललं हुतं, डोळे खोल गेलते. सिस्टरनं सलाईन लावलं. म्हणली, "ही बाटली संपायच्या आत दुसरी लावायची. एकच उरलीय, जीपमधी हाय."

वरच्या आळीतबी दुखणं शिरलं हुतं. बाईनं त्या हिरीत जंतू मारायची पावडर टाकली अन् मला म्हणली, "तुमचा आवाज मोठा आहे. सांगून या, हिरीत टीसीएल टाकलंय, तासभर पाणी काढू नका."

हलगी आमच्या वस्तीनं कव्हाच सोडलेली. म्या रॉकेलचा डबा बडवत निघालो. टीसीएल दुसऱ्या गल्लीपस्तोर टिकलं, तिसरीत जिभेवरून घसरलं. मग अक्कल चालवली. "ऐका हो! हिरीत औषध टाकलंय! कुणी पाणी पिऊ नका!"

आमच्याकडं औषध म्हणजे फवाऱ्याचं. कुणी 'औषध घेतलं' म्हणलं की लोक बाज उचलून दवाखान्याकडं पळतात.

"कुणी टाकलं रे?" एकजण वरडला.

म्या छाती काढून म्हणलं, "आम्हीच!"

पहिली काठी पाठीवर, दुसरी गुडघ्यावर. माझाच डबा माझ्या डोक्यात घातला. रिकाम्यावर रिकामं, आवाज झकास आला. दहा-बारा जण हिरीपाशी उभ्या जीपकडं धावले, दगडानं काचा फोडल्या, बाईच्या कपाळातून रगत आलं.

"विष न्हाई!" म्या बोंबललो. "पिऊन दाखवतो!" त्यांच्या मागं हिरीवर गेलो, पोहरा सोडला, वढला, घटाघटा प्यालो. तर पोहरा बाटवला म्हणून दुसऱ्यांदा मार. पहिला विषाचा, दुसरा विटाळाचा. दात दुसऱ्यात गेले.

एक म्हातारा काठी आडवी धरून म्हणला, "थांबा. मरतो का बघू."

सगळे माझ्याभवती उकिडवे बसले. दगड थांबले. बाटली न्यायला जीपपाशी आलेली सिस्टर ती उरलेली बाटली पदरात गुंडाळून हळूच आमच्या वस्तीकडं निघाली. मी गप पडून राहायचं, यवढंच काम हुतं.

पण शंभर डोळे माझ्या तोंडाकडं. इतके बघणारे मला जल्मात मिळाले नव्हते. जीभ खाजवली. म्या पोट धरलं, डोळे फिरवले, "आई गं" म्हणून आडवा झालो. वाटलं, हसतील.

"मेला! विषच हाय! धरा त्या बाटलीवालीला!"

सिस्टरच्या मनगटावर काठी बसली. बाटली दगडावर फुटली. म्या लाथा खात वरडत हुतो, "चेष्टा हाय! चेष्टा!" पण दात नव्हते, तोंडातून नुसतं रगत अन् "तेत्ता, तेत्ता" निघत हुतं.

रांगत घरी आलो तव्हा पहिली बाटली कोरडी झालती. सिस्टर मोडका हात मांडीवर ठिवून दुसऱ्या हातानं बायकोला साखर-मिठाचं पाणी पाजत हुती. ते गालावरून वघळत हुतं. दिवस कलायच्या आत बायको गेली.

चार महिन्यांनी डॉक्टरीणबाई परत आली, कपाळावर वण, हातात तीच वही. माझ्या वट्ट्यावर बसली. म्हणली, "त्या पावडरीला तुमच्याकडं काय म्हणायला पाहिजे होतं? मी आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

"पाणी धुवायची पावडर म्हणा. औषध म्हणू नका."

तिनं लिहून घेतलं. मग पान उलटलं अन् विचारलं, "घरात माणसं किती?"

"आता एकबी न्हाई, बाई," म्या म्हणलं. "मी हाय फकस्त."