महाडिकांचा पेजर

जिग्नेशभाईंनी नवा मोबाइल महाडिकांच्या कानाला लावला आणि शेजारच्या टेबलावरच्या फोनवरून ते स्वतःच ओरडले, "हॅलो! आवाज आव्यो?"

महाडिक सभ्य माणूस. त्यांनी मान डोलावली. मग मोबाइल खाली ठेवून म्हणाले, "छान आहे. कोण बोललं?"

"पीस डिफेक्टिव्ह असेल," जिग्नेशभाई मला म्हणाले. "मनीषाबेन, दुसरा काढा."

मी म्हटलं, "सर, पीस चांगला आहे. त्यांना लहानपणापासून ऐकू येत नाही."

"तो वॉल्यूम फुल करो ने!"

बडोद्यातल्या एका पेजर कंपनीत मी सर्व्हिस इंजिनिअर होते, जिग्नेशभाई मॅनेजर. पेजर ज्यांनी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगते. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी. तुम्ही आमच्या सेंटरला फोन करून निरोप सांगायचा, ऑपरेटर तो इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, आणि तो समोरच्याच्या खिशातल्या डबीवर उमटायचा. निरोप आला की डबी वाजायची किंवा थरथरायची. थरथरण्यासाठी आत शेंगदाण्याएवढी मोटर असते.

महाडिकांची ती मोटर जळली होती. बाकी पेजर ठणठणीत. पण न थरथरणारा पेजर त्यांच्या काय कामाचा?

ते बाजव्याकडे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. ओठ बघून बोलणं समजायचं, स्वतः सपाट आवाजात पण स्पष्ट बोलायचे. बायको सुनंदाताई निजामपुऱ्यात घरी, दिवस भरत आलेले. कारखान्यात फोन होता, पण तो गेटवर, आणि गेटवरचा वॉचमन निरोप पोचवणं हे आपलं काम नाही असं मानणारा. म्हणजे त्या जळक्या मोटरवर बरंच काही अवलंबून होतं.

आता कंपनीचं धोरण. मोबाइल आले होते, तेव्हा फक्त बोलण्यापुरतेच, आणि त्यांची एजन्सी आम्हीच घेतली होती. त्यामुळे पेजर रिपेअर करायचा नाही, कस्टमरला 'अपग्रेड' करायचं, असा वरून आदेश होता. महाडिकांनी आमचा 'लाइफटाइम प्लॅन' घेतलेला. मी तो मुद्दा काढला.

"लाइफटाइम म्हणजे पेजरची लाइफ," जिग्नेशभाई म्हणाले. "पेजर मरी गयो. प्लॅन पूरो."

"सर, परत आलेल्या पेजरांनी माझा ड्रॉवर भरलाय. एकाची मोटर काढून यांना बसवते. चहा थंड व्हायच्या आत होईल."

"ते स्क्रॅप आहे. हेड ऑफिसला जाणार. स्क्रॅपला हात नाही लावायचा."

आमच्याकडे स्क्रॅपला जो मान होता तो कस्टमरला असता, तर कंपनी अजून चालली असती.

महाडिकांना हे सगळं ओठांवरून कळत होतं. त्यांनी आपला पेजर उचलला आणि ते निघून गेले. मला फार वाईट वाटलं. जिग्नेशभाईंना वाटलं, विचार करायला गेले असतील.

दुसऱ्या दिवशी ते आले ते सुनंदाताईंना घेऊन. जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. जिग्नेशभाईंच्या समोरची खुर्ची ओढून त्या बसल्या.

"साहेब, कळा सुरू झाल्या की मी ह्यांना तुमच्या मोबाइलवर काय ऐकवू?"

जिग्नेशभाईंनी ब्रोशर पुढे केलं. त्यावर छापलं होतं, 'प्रियजनांचा आवाज आता खिशात.' सुनंदाताईंनी ते घेतलं आणि वारा घालायला सुरुवात केली.

"पेजर नीट होईपर्यंत मी इथेच बसते," त्या म्हणाल्या. मग पोटावर हात ठेवून "आई गं" म्हणाल्या.

बाळाने लाथ मारली होती, एवढंच. पण जिग्नेशभाईंचा चेहरा पांढरा पडला. शोरूममध्ये बाळंतपण झालं तर हेड ऑफिसला काय सांगायचं, याचं धोरण वरून आलेलं नव्हतं.

"मनीषाबेन! जल्दी करो! ड्रॉवर खोलो!"

मी मोटर काढली, सोल्डरिंगचा डाग दिला, झाकण लावलं. मोटर दुसऱ्या मॉडेलची, जरा दांडगी. चालू करताच टेबलावरचा पेजर थरथरत चक्क चालत कडेपर्यंत गेला. महाडिकांनी तो झेलून शर्टाच्या खिशात टाकला. टेस्ट मेसेज पाठवायला मी ऑपरेटरला फोन लावला. तिने विचारलं, काय टाइप करू?

सुनंदाताई म्हणाल्या, "भाजी आणा."

महाडिक दचकले. पेजर काढून वाचला आणि बायकोकडे बघून म्हणाले, "कोणती?" आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच ते हसले.

त्याच आठवड्यात सुनंदाताईंच्या आईचा फोन सेंटरला आला. ऑपरेटरने टाइप केलं, 'NIGHA. HOSPITAL.' महाडिक वेळेत पोचले. मुलगी झाली. ऑफिसात पेढे आले तेव्हा पहिला जिग्नेशभाईंनी उचलला आणि सगळ्यांना सांगितलं, "आपली सर्व्हिसच अशी आहे."

पुढे पेजर सेवाच बंद झाली. कंपनीने सगळ्या कस्टमरना शेवटचा मेसेज पाठवला: अधिक माहितीसाठी फोन करा. महाडिक तो मेसेज दाखवायला आले आणि म्हणाले, "ताई, करू का?" आम्ही दोघंही खूप हसलो. तोवर मोबाइलवर लेखी मेसेज चांगले रुळले होते. त्यांनी आणि सुनंदाताईंनी एकेक मोबाइल घेतला, समोरच्या दुकानातून.

नोकरी गेल्यावर मी गोत्रीला स्वतःचं रिपेअरिंगचं दुकान काढलं. नवं मॉडेल घेऊन सेल्समन येतात, नवीन काय काय घातलंय ते सांगतात. मी विचारते, जुन्यातलं काय काढलंय? याचं उत्तर अजून एकालाही देता आलेलं नाही. साहेबांना विचारून सांगतो म्हणतात, आणि परत येत नाहीत.