कधीपर्यंत ते सांग

आमच्या ह्यांना गल्लीतली पोरं कधीपर्यंतकाका म्हणायची. काही सांगा, ह्यांचा एकच प्रश्न. नळाला पाणी नाही म्हटलं, कधीपर्यंत? दूधवाला आजारी, कधीपर्यंत? एकदा मी म्हटलं डोकं दुखतंय, तर तेच. मी म्हटलं, तुम्ही समोरून उठेपर्यंत.

ती सवय नोकरीची. विमानतळाच्या मागच्या अंगाला एक खोली, एक खिडकी, एक जुनं मशीन. तिथून हे पायलट लोकांसाठी सूचना काढायचे. धावपट्टीचे दिवे बंद आहेत, बाजूला क्रेन उभी आहे, असलं. विमान उडवायच्या आधी पायलटला ते वाचावंच लागतं. आणि प्रत्येक सूचनेत कधीपासून कधीपर्यंत लिहायचंच. मी विचारलं, कायमचं असलं तर? म्हणाले, ते आमच्या खिडकीवर येत नाही, त्याचं खातं वेगळं. आमच्याकडे सगळं तात्पुरतं.

थोरलीच्या लग्नात जेवणं चालू होती आणि ऑफिसातून फोन आला. क्रेन आजच उतरवली, पण मशीन अडलंय, सूचना उठवता येईना. हे निघालेच. मी आडवी आले.

'अहो, क्रेन गेली तर बरंच झालं की! पोरीला निरोप देऊन जा.'

'क्रेन गेली, सूचना उभीच आहे ना. खोट्या सूचना वाचून पायलट कंटाळतो, मग खरीवरूनही नजर घसरते. हा आलोच.'

आलोच कसले. पोरीची गाडी निघून गेली, मग घामाघूम होऊन आले. ती बिचारी काचेतून मागे बघत बघत गेली.

आठवड्याने कपडे न्यायला आली तेव्हा तिचा नुसता तिळपापड. 'तुम्हाला विमानंच प्यारी. मी परत या घरात पाय ठेवणार नाही.'

ह्यांच्या तोंडून सवयीने गेलं, 'कधीपर्यंत?'

मला वाटलं आता पोरगी बॅगच फेकून मारते. जावई खाली बघायला लागले. ती दारातून ओरडली, 'तुमची ती नोकरी संपेपर्यंत!'

'बरं,' म्हणाले. हसले नाहीत.

तीन वर्षं गेली. फोन करायची ती माझ्याशी. नातू झाला, मी एकटीच जाऊन बघून आले. मी ह्यांना म्हणायची, अहो बाप ना तुम्ही, जा की, समजूत काढा. तर म्हणायचे, 'सूचना तिने लावली, उठवायची तिनेच.' पण पाहुणा कुणी जेवायला तिच्या खुर्चीवर बसला की हे हळूच म्हणायचे, तुम्ही इकडे बसा.

रिटायर झाले त्या दिवशी घरी येऊन बूट काढत होते. दारात थोरली, कडेवर पोर.

'बाबा, मुदत संपली ना?'

हे एका पायात बूट ठेवूनच उठले. 'संपली, संपली, ये बाई.' नातवाने दुसरा बूट पळवला, तेव्हा कुठे दोघं हसली.

मागच्या महिन्यात हे गेले. थोरली माझ्याजवळ राहिलीय. काल मी म्हटलं, मला नको जेवण, माझी भूकच मेलीय. ती ताट हातात घेऊन तशीच उभी. बापासारखी मान वाकडी केली.

'कधीपर्यंत?'

रागही आला आणि हसूही फुटलं मला. म्हटलं, तू ते ताट खाली ठेवेपर्यंत.