फक्कीची रेघ

मागच्या महापालिका निवडणुकीआधी, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, नव्या प्रभागरचनेच्या नकाशात खाणवस्तीचे तीन तुकडे केले गेले. मातंग आणि मुसलमान घरांची ही वस्ती एकाच प्रभागात राहिली असती, तर आमच्यातला एक माणूस नगरसेवक झाला असता. आता तिन्ही प्रभागांत आम्ही मूठभर. अन्याय सगळ्यांवर झाला, पण त्याचा चेहरा विचाराल तर मला गुलाबमामा दिसतो.

मामा मूळचा लातूरकडचा, चाकणला कंपनीत लोडर. सुट्टीला पोरांसाठी चुन्याच्या फक्कीने कबड्डीचं मैदान आखायचा. नकाशा लागला त्या दिवशी तीच फक्की घेऊन तो गल्लीतून प्रभागाची हद्द आखत निघाला.

"ओ मामा, माझ्या दारात कबड्डी व्हय?" शबानाभाभी ओरडली.

"खेळ त्यांचा हाय, भाभी. तू अन् तुझी जाऊ आता येगळ्या टीममधी."

"बरं झालं, भांडण तरी मिटंल!"

गल्ली हसली. मामा नाही.

हरकतींच्या सुनावणीला मी वस्तीच्या लोकसंख्येची पत्रकं नेली आणि मामाला पुढे केलं. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "नाला ही नैसर्गिक हद्द आहे."

"साहेब, त्या नाल्यावर साकव हाय. लेकरं त्याच्यावरनंच शाळंत जातेत. मग हद्द कुटली?"

"तुम्ही बाधित, तुम्ही असंच बोलणार. नोंद घेतली. पुढचे!"

रेघ हलली नाही. निवडणूक झाली आणि पुढच्या पावसाळ्यात साकव वाहून गेला. तो पुन्हा बांधा म्हणून मामाने तिन्ही प्रभागांच्या नगरसेवकांकडे हेलपाटे घातले. सगळ्यांचं उत्तर एकच: पलीकडच्यांना विचारा. मी चिडलो की मामा म्हणायचा, "वरडून घसा बसंल, लेकरा. च्या पी. उद्या परत जाऊ." पुढे पुढे तो 'उद्या' म्हणेनासा झाला. नुसता चहा प्यायचा.

दिवाळीनंतर मामा गेला. स्मशान नाल्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण साकवच नव्हता. तिरडी हमरस्त्याने वळसा घालून न्यावी लागली, खांदे बदलत, तिन्ही प्रभागांतून. भाभीचा नवरा खांदा देताना पुटपुटला, "मामा को पूरा वॉर्ड घुमाया, यार." कोणी हसलं नाही.

पुन्हा नवी रचना लागेल, पुन्हा हरकती मागवतील. आम्ही बाधित, म्हणून आमचं ऐकायचं नाही, असं ठरलेलंच आहे. शहरात पिंपळे गुरवपासून ताथवड्यापर्यंत ज्यांचे प्रभाग शाबूत राहिले, त्यांनो, विनवत नाही, सांगतोय: खाणवस्ती एका प्रभागात ठेवा, अशी हरकत तुमच्या सहीने द्या. सुनावणीला स्वतः या. आणि साहेब "पुढचे" म्हणाले, तरी खुर्ची सोडू नका.