मुंग्यांच्या आधी

मुंग्यांशी शर्यत लावून मुलांना वाचायला शिकवणारी बाई त्रिभुवनात एकच झाली, आणि ती माझी आत्या होती. तंजावुरात आमच्या समोरच तिचं घर. पहाटे सडा टाकून दारात तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे रांगोळी, काढायचा, ही इथली बाराही महिन्यांची रीत, आम्ही मराठी माणसंही ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलोय. फरक एवढाच, की इतर बायका ठिपके जोडून वेली काढत आणि आत्या शब्द काढी. पायरीपासून उंबऱ्यापर्यंत एकेक इंग्रजी शब्द, त्याच्या शेजारी पाय ठेवायला चौकोन. शब्द वाचायचा, चौकोनात उडी मारायची, की पुढचा. उंबऱ्याला टेकलेला शेवटचा शब्द मात्र रोज मराठी आणि रोज तोच: ‘ये’. तो वाचल्याशिवाय आत प्रवेश नाही. दूधवाला बिचारा तमिळ माणूस, पण त्यानं ‘ये’ म्हटल्याखेरीज ती दुधाचं भांडं पुढे करत नसे. आणि हे सगळं ऊन चढायच्या आत, कारण नंतर मुंग्या नि खारी येऊन पीठ फस्त करत. दारात बसून ती गल्लीतल्या पोरांना हाका मारी, “लौकर या रे, तुमच्या आधी त्याच वाचून जातील!”

आत्या जन्मभर कलेक्टर कचेरीत टायपिस्ट होती. शाळेत कधी शिकवलं नाही, म्हणूनच शिकवता येतं, असं तिचं ठाम मत. मला म्हणे, “बापू, मला वाटेत पाहतोस तेव्हा आधी नाक, मग कान, मग डोळे असं मोजतोस काय? चेहरा पाहतोस आणि ‘आली ही’ म्हणून पळतोस. शब्दाचाही चेहराच पाहायचा असतो!” टाउन बसची पाटी दुरून ओळखणाऱ्या पोराला ती खिडकीची जागा देई. त्या वर्षांत गल्लीत केबल आली होती आणि वाण्याच्या दुकानात साबणापासून बिस्किटापर्यंत सगळंच एकाएकी ‘न्यू’ झालं होतं. आत्या पोरांची फौज घेऊन दुकानात शिरे आणि ‘न्यू’ शोधायला सोडून देई. फळ्यांवर चढलेली पोरं पाहून वाणी हात जोडी, “अम्मा, एक तर माल घेऊन जा, नाहीतर ही पोरं!” इंग्रजीतल्या ‘द’वर मात्र तिचा भारी राग. काम ना धंदा, आणि जिथे तिथे जावयासारखा पुढच्या पाटावर, असं म्हणून ती तो शब्द मुद्दाम वेडावाकडा काढी. गंमत अशी, की पोरांना तोच सगळ्यांत आधी ओळखू येई.

माझी मुलगी अंबू त्या वेळी सहा वर्षांची. पुस्तक दिसलं की तिचं पोट दुखे. खरंच दुखे हो, नाटक नव्हे. हेडमिस्ट्रेसनी मला बोलावून सांगितलं, “उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर हिला माझ्यासमोर इंग्रजीचं एक पान वाचू दे, नाहीतर पुन्हा त्याच वर्गात.” ते ऐकल्यापासून अंबूनं मैत्रिणींकडे जाणंच सोडलं. कुणीतरी तिला आधीच ‘नापास’ म्हणायला लागलं होतं. आत्या आली, फिल्टरची कापी प्याली आणि म्हणाली, “पोर सुट्टीभर माझी. तू आपला बँकेत जा.” माझी आई कळवळली, “वन्सं, अक्षरावर पाय? सरस्वती ना ती!” आत्या म्हणाली, “वहिनी, म्हणून तर शेजारी चौकोन काढते. तुमची सरस्वती तिच्या जागी, पोरीचा पाय त्याच्या जागी.”

आत्याचे गुडघे धरलेले, तरी सबंध सुट्टी ती पाटावर बसून, पाट सरकवत सरकवत पहाटे शब्द काढत होती. पहिल्या दिवसांत अंबू नुसतीच पायरीशी उभी राही. आत्या रागावली नाही की पुढचं सांगितलं नाही. मुंग्या यायच्या, अर्धा शब्द घेऊन जायच्या, आणि आत्या म्हणायची, “जाऊ दे, त्यांनाही पोटं आहेत. उद्या ताजा काढू.” एका सकाळी मुंग्यांची रांग दिसताच अंबू किंचाळत तीन शब्द वाचून गेली, आणि तिचं पोट दुखायचं राहिलं.

परीक्षेच्या दिवशी हेडमिस्ट्रेसच्या खोलीत काळ्यापांढऱ्या फरश्या होत्या. अंबूनं पुस्तक हातात घेतलं, पान पाहिलं. मग तिनं खाली पाहिलं. एक शब्द वाचला आणि एका फरशीवर उडी. दुसरा शब्द, दुसरी उडी. ‘द’ आला तेव्हा नाक मुरडून उडी. पान अर्धं होईतो ती दाराशी, आणि हेडमिस्ट्रेस खुर्ची सोडून तिच्या मागोमाग! पान संपलं तेव्हा दोघीही बाहेर व्हरांड्यात होत्या. तिथे अंबूनं पुस्तक मिटलं, डोळ्यांना लावलं आणि पुस्तकात नसलेला एक शब्द खणखणीत वाचला, “ये!” बाईंनी विचारलं, हा कोणता? मी म्हटलं, तो आमच्या आत्याच्या उंबऱ्याचा. बाई हसल्या नि म्हणाल्या, जा, वरच्या वर्गात जाऊन बस. आत्याला सांगितलं तर म्हणते, “उड्या मारताना पडली नाही ना?”

पुढे काही वर्षांनी, अंबू मोठ्या शाळेत असताना, आत्या गेली. झोपेतच गेली. सकाळी आम्ही तिच्याकडे निघालो. मृत्यू झालेल्या घरी कोलम काढत नाहीत. दार सताड उघडं, आत माणसं जमलेली आणि पायरीपासून उंबऱ्यापर्यंत दगड कोरा. मी आत शिरलो, मागे पाहिलं तर अंबू बाहेरच.

“चल गे,” मी म्हटलं.

“अप्पा, वाचल्याशिवाय कशी येऊ?”

मला रडू कोसळलं. ती बराच वेळ त्या कोऱ्या दगडाकडे पाहत राहिली. मग हळूच “ये” म्हणाली, परकर आवरला आणि उडी मारून आत आली.