कोळशाचा ठसा

माझा धाकटा भाऊ वसंता गेला, त्याला आज महिना झाला. त्याची ट्रंक उघडली तर डांबरगोळ्यांच्या वासात तळाशी कागदाची एक गुंडाळी निघाली. उलगडताना बोटं काळी झाली आणि मी पेठच्या जंगलात जाऊन पोचलो.

पस्तीस-छत्तीस साल असेल. नाशिकहून आम्ही दोघे जुने कोरीव दगड शोधत तिकडे गेलो होतो. सागाच्या पाचोळ्यात एक दगड उभा होता. त्यावर घोडेस्वार कोरलेला, वर चंद्र-सूर्य. मी त्यावर कागद ताणून धरला आणि वसंताने कोळसा घासून चित्र उतरवलं.

"दादा, पाचशे वर्षांचा तरी असेल!"

मागे मोळी घेऊन एक म्हातारी उभी होती. "पाचशे नाय रे. मागल्या होळीला बसवला हा चिरा. माझा गेलेला पोर हाय तो."

तिने हात पुढे केला. "कागद दे. त्याला नको नेऊ."

"आजी, दगड इथंच आहे की," वसंता हसला आणि त्याने गुंडाळी काखेत मारली. ती बरंच अंतर आमच्या मागे चालत आली. मी वळून पाहिलं नाही.

आज वाटलं, हा कागद त्या चिऱ्यापाशी ठेवून यावा. पण कोपऱ्यात वसंताच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे, रेघ न् रेघ दिसते. त्याची रक्षा गोदावरीत गेली. मी कागद पुन्हा गुंडाळला आणि ट्रंकेला कुलूप लावलं.