मागच्या सीटवरची तपासणी

फेब्रुवारी १९५५, रविवार सकाळ. हजर : मी, दम्याने बेजार झालेली आई आणि निर्वासितांच्या कॅम्पातला आमचा सिंधी मेकॅनिक. आईला कल्याणला डॉक्टरांकडे न्यायचे होते, पण सायलेन्सरच्या पाइपाच्या जोडातून सुटलेला धूर गाडीत शिरत होता.

त्याने नेहमीप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे केले. त्याशिवाय तो गाडीला हात लावत नाही. बोलतोही सगळे दोनदा. "बैठो साईं, बैठो." मग गाडीखाली सरकून त्याने जोडावर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली आणि वरून पट्टी आवळली.

मी आईला हात दिला, तर त्याने दार अडवले. "माई नंतर. पहले मैं, पहले मैं."

इंजिन चालू ठेवून, काचा चढवून तो मागच्या सीटवर डोळे मिटून बसला.

"झोपला की काय मेला?" आई म्हणाली.

तो खोकतच बाहेर आला. "अजून नाही, माई. अजून नाही."

पट्टी सोडून त्याने पुन्हा आवळली आणि पुन्हा आत जाऊन बसला. या वेळी खोकला आला नाही, तेव्हा त्याने स्वतः आईला आत बसवले. मला म्हणाला, "पट्टीचा बोल्ट घिसलाय. जाऊन येईपर्यंत चलेगा, आगे नाही, आगे नाही."

कल्याणपर्यंत आईला ठसका लागला नाही. बोल्ट बदलायचा अजून राहिला आहे.