बिस्किटांच्या डब्याचं कुलूप

माझ्या ताईचे यजमान कुलूपवाले. चौकात त्यांचं चिंचोळं दुकान आहे. तिथे ते किल्ल्या घासून देतात आणि अडकलेली कुलपं उघडतात. घरी लेकीला वळण लावायचं तर तेही कुलपानंच. बिस्किटांच्या डब्याला कुलूप, टीव्हीच्या कपाटाला कुलूप, फ्रिजला बाहेरून कडी ठोकून कुलूप. त्यांच्याकडे गार पाणी प्यायचं तरी आधी किल्ल्यांचा जुडगा शोधायचा. "पोरीला मन आवरता आलं पाहिजे," असं ते मला ऐकवत. मी म्हणे, "भावोजी, ती कुठे मन आवरतेय? तुम्हीच डबा आवरताय."

चिंगी मन आवरायला काही शिकली नाही. बापाच्या शेजारी बसून केसांच्या पिनेनं कुलपं उघडायला मात्र शिकली. बिस्किटं कमी झाली की भावोजी आणखी भारी कुलूप आणत, आणि पोरगी आणखी तरबेज होई.

मग भावोजींना शुगर निघाली. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. आतला खटका बोटांना कळेना, तर कुलूपवाला करणार काय? "गोड सोडा, नाहीतर हात कामातून जातील," असं डॉक्टरांनी बजावलं. एरवी मी त्यांची टर उडवायची संधी सोडत नाही, पण त्या दिवशी मीच त्यांच्यापुढचा साखरेचा चहा उचलून आत नेला. ताईनं किल्ल्यांचा जुडगा चिंगीच्या हातात दिला. "बाबांनी गोड खायचं नाही. आता हे तू बघायचंस."

चिंगीनं घरातली सगळी कुलपं काढून दुकानात नेऊन ठेवली आणि डबा उघडाच टेबलावर मांडला.

भावोजी वैतागले. "अगं, निदान कुलूप तरी लाव."

"कशाला? तुम्ही उघडालच."

"मग मी करू काय?"

"मन आवरा," चिंगी म्हणाली.

परवा मी गेले तेव्हा बापलेक डब्याकडे पाठ करून बसले होते. भावोजी एका जुन्या कुलपाचा खटका बोटांनी चाचपत होते.

"काय गं, तूही नाही खात?" मी चिंगीला विचारलं.

"मी खाल्लं की बाबांना राहवत नाही, मावशी."

मला भरून आलं. भरून आलं की मला भूक लागते. मी डब्यात हात घातला, तशी दोघांनीही मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी मुकाट्यानं हात मागे घेतला.